माळ्यावरचं पुणं

मी निवृत्त झालो त्याला तीन महिने होत आले होते, तेव्हा मुलीने बंगळूरहून फोन करून सांगितलं की आम्ही दोघांनी आता शहरात राहायला जायचं. कारण साधं होतं. आदल्या पावसाळ्यात तिची आई विहिरीच्या पायरीवर घसरून मनगट मोडून बसली, आणि आमच्या वाडीतून हाडांच्या डॉक्टरापर्यंत पोचायला सव्वा तास लागला होता. मुलीने ते मनात धरलं होतं.

"कुठलंही शहर चालेल बाबा," ती म्हणाली. "फक्त तुमची लाइफस्टाइल बघून ठरवा."

बायको खळ्यात कोकमाची सोलं उन्हात पसरत होती. मी तिला जाऊन निरोप सांगितला.

"लाइफस्टाइल म्हणजे काय ता?"

"माणूस दिसभर काय करता, ता."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तुमची खंयची? तुमी खंय काय करतास?"

एकतीस वर्षं मी कणकवलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. सकाळच्या पहिल्या गाडीने वाडीतून जायचं, खिडकीत बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. पुणे, मिरज, सोलापूर, अक्कलकोट. इतक्या माणसांना मी शहरात धाडलं, पण स्वतः कोल्हापूरच्या पुढे गेलेलो नाही. त्यामुळे शहरं मला वेळेवरून माहीत. मिरज म्हणजे कायम उशिरा लागणारं गाव, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यावरून तिथे राहायला जायचं की नाही हे काही ठरवता येत नव्हतं.

मुलीने मग मोबाइलवर एक चाचणी पाठवली. प्रश्नांची उत्तरं दिली की तुम्हाला कुठलं शहर मानवेल ते आपोआप कळतं. आम्ही दोघं ओसरीवर बसून ती सोडवायला लागलो. शनिवार-रविवार कसा घालवायला आवडतो? पर्याय होते कॅफे, गिर्यारोहण, कलादालन आणि समुद्रकिनारा. बायको म्हणाली, "शनिवारी माझो उपास असता, ता खंय लिवचा?" शेवटी समुद्रकिनारा लिहिलं, कारण तो घरामागेच होता. हवा कशी आवडते? दमट. रोजच्या जेवणात काय? मासे. दुपारी काय करता? या प्रश्नावर आमचं थोडं भांडण झालं. दीड तासाने उत्तर आलं: लिस्बन.

नकाशात शोधलं तर ते पोर्तुगालात निघालं. "थंय बांगडे गावतत?" बायकोने विचारलं. मी शोधून सांगितलं की तिथे तारल्या भाजून खातात. ती गंभीरपणे म्हणाली, "मगे वायट नाय." एक अख्खा दिवस आम्ही लिस्बनचा खरोखर विचार केला. दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. नंतर तिने संदेश पाठवला: भारतातलं.

बायकोनेच मग तोड काढली. "चप्पल पायात घालून बघल्याशिवाय आपण घेतंव काय? शहर पण घालून बघूया. आठ दिस हयच पुण्यात रवया. जमला तर जावया."

पुण्याची माहिती आमच्यात तिलाच होती. बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी ती तिच्या फ्लॅटवर महिनाभर राहून आली होती. तिच्या मते पुणं म्हणजे तीन गोष्टी: वरचा मजला, बंद दार, आणि फोन केल्याशिवाय कोणी यायचं नाही.

आमच्या घराला वरचा मजला नाही, पण छपराखाली माळा आहे, त्याला ओसरीतून शिडी. नारळ आणि भाताची कणगी ठेवतो तो. मी दोन दिवस खपून नारळ एका कोपऱ्यात सारले, गादी वर चढवली, शेगडी आणि छोटा सिलिंडर चढवला. उभं राहिलं की डोकं वाशाला लागायचं, म्हणून पुण्यात आम्ही वाकून वावरायचो. नारळ वर घ्यायला दोरीची टोपली होती, तिला बायकोने लिफ्ट म्हणायला सुरुवात केली. संडास खाली परसात होता. तेवढं आम्ही पुण्याला माफ केलं.

पहिल्या दिवशी सकाळी मागीलदारी शेजारची काकी आली. ही काकी चाळीस वर्षं विरजण मागायला नाहीतर द्यायला न विचारता आमच्या स्वयंपाकघरात येते. त्या दिवशी दाराला आतून कडी. तिने दोनदा ढकललं आणि घाबऱ्या आवाजात ओरडली, "कोण गेला गो?"

बायकोने माळ्याच्या झरोक्यातून तोंड काढलं. "कोण जावक नाय! आमी पुण्यात आसंव!"

काकी वर बघत राहिली. "मगे तुझो आवाज कसो येता?"

तिला सगळं समजावून सांगितलं. फोन करून यायचं, हेही सांगितलं. तिने तिथेच, झरोक्याच्या बरोबर खाली उभं राहून, कमरेचा फोन काढून लावला. आमचा फोन वर वाजला.

"हॅलो. मी भायर आसंय. येव काय?"

"आज नको गो," बायको फोनमध्ये म्हणाली, "आज बिझी आसंव." आणि दोघींनी एकमेकींकडे बघतच फोन बंद केले.

काकीने ही बातमी दुपारपर्यंत वाडीभर केली. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला खाली उतरलो तर शिडीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाडीतला एक म्हातारा बसलेला. अंगात निळा सदरा, खांद्यावर पट्टी, गळ्यात शिटी, मांडीवर वही. हा माणूस उभं आयुष्य मुंबईत काढून चारेक वर्षांपूर्वी परत आला होता. कंपनीत होतो, खुर्चीवरचं काम होतं, एवढंच तो सांगायचा, आणि वाडी त्याला सुपरवायझर म्हणायची. खुर्चीवरचं काम हे खोटं नव्हतं, ते मला त्या सकाळी कळलं.

"पुण्याक वॉचमन नाय असो आयकलंय," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. सदऱ्याची इस्त्री कडक होती. इतकी वर्षं ट्रंकेत घडी करून ठेवलेला असणार.

"बरो दिसता सदरो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि आवाज बदलला. शुद्ध मराठीत म्हणाला, "अंघोळ करून या साहेब. वर जाताना सही करा."

मला वाटलं गंमत आहे. पण परत आलो तर त्याने खरंच अडवलं. "कोणाकडे?"

"अरे, मी हयचोच."

"सगळे असंच सांगतात. फ्लॅट नंबर?"

मेहुणीचा नंबर आठवला तो सांगितला, तीनशे एक. त्याने लिहून घेतला आणि मला सोडलं.

तिसऱ्या दिवसापासून सगळं बिघडलं. वहीत सही करायला मिळते म्हणून माणसं यायला लागली. आधी दिवसाला चारपाच जण यायचे ते मागीलदारी उभ्याउभ्या बोलून जायचे. आता लोक अंघोळ करून, बरे कपडे घालून यायचे. भेटीचं कारण या रकान्यात कोणी "सोड्याचं कालवण" लिहिलं, कोणी "चौकशी", आणि एकाने सासूला बरोबर आणून "पुणे दाखविणे" असं लिहिलं. वॉचमन एकेकाला वर सोडायचा. सायकली आंब्याखाली लावायला त्याने बंदी केली आणि काकीची गाय खळ्यात शिरली तेव्हा शिटी वाजवून तिच्या मालकिणीला वहीत सही करायला लावली. त्याला सुपरवायझर आता कोणी म्हणत नव्हतं, आणि तो ते मनाला लावून घेत नव्हता.

मी वैतागलो होतो. पण बायको? दुपारी दोन ते चार भेटी बंद, असं तिने वॉचमनला सांगितलं होतं आणि तो ते कडक पाळत होता. त्या वेळात मी तिला झरोक्याशी बसलेली बघितली. हातात सूप नव्हतं, विळी नव्हती.

"काय करतंस गो?"

"काय नाय," ती म्हणाली. आणि जरा वेळाने परत, स्वतःशीच, "काय नाय."

सहाव्या दिवशी मी टोपलीतून पाण्याची कळशी वर ओढत होतो आणि कमरेत कट्‌ झालं. वाकलेला होतो तसाच राहिलो. पुण्यात वाकूनच राहायचं असल्यामुळे बायकोला आधी काही कळलंच नाही. मी ओरडलो तेव्हा सगळी वाडी शिडीखाली गोळा झाली. एकजण म्हणाला पाठीवर घेऊया, एकजण म्हणाला कौलं काढूया. तेवढ्यात वॉचमनची शिटी वाजली.

"सगळे मागे व्हा. तिसऱ्या मजल्यावरून किती जणांक खाली आणलंय मी. लिफ्ट बंद असताना."

त्याने स्वतःची खुर्ची वर मागवली, मला तिच्यात बसवून बायकोच्या दोन लुगड्यांनी बांधलं, दोघांना वर, दोघांना खाली उभं केलं आणि एकेका पायरीला आकडा म्हणत मला उतरवलं. मला एकही धक्का बसला नाही. रिक्षात घालताना त्याने घड्याळ बघून वहीत माझी बाहेर पडल्याची वेळ लिहिली.

रिक्षातून बायकोने मुलीला फोन लावला आणि घाईत एवढंच म्हणाली, "बाबांची पुण्यात कंबर धरली." रेंज गेली. मुलीने पुण्याच्या मावशीला फोन केला. मावशी बिचारी संध्याकाळपर्यंत पुण्यातले तीन दवाखाने पालथे घालून आली. अजून ती आमच्याशी त्या विषयावर बोलत नाही.

आम्ही कणकवलीच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय उचललंत?"

"लिफ्ट," मी म्हणालो.

"लिफ्टमध्ये काय उचललंत?"

"नाही डॉक्टर, लिफ्टच उचलली."

त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. त्यांनी कमरेचा फोटो काढायला सांगितला, आणि डोक्याला काही लागलंय का तेही विचारलं.

पाच दिवस मला तिथे आडवं ठेवलं. रोज चारच्या सुमारास मला चहा पाजून बायको बाहेर पडायची, सहाला परत यायची. कुठे गेलीस म्हटलं तर बाजारात म्हणायची, पण हातात पिशवी नसायची. तिसऱ्या दिवशी आली ती खुर्ची ओढून बसली. "हयच रवया."

"दवाखान्यात?"

"कणकवलेत."

मी हसलो तशी कंबर दुखली. एकतीस वर्षं मी जिथून इतरांना शहरात पाठवत होतो ते ठिकाण शहर आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मुलगी तर फोनवर वैतागलीच. "आई, कणकवली हे काय शहर आहे?"

"डॉक्टर आसा, लिफ्ट आसा, आणि माका हय कोण वळखणा नाय," बायको म्हणाली. "आणखी काय होया?"

आता आम्ही बाजाराजवळ दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमची अडचण वेगळीच झाली आहे. बायकोला इथे कोणी ओळखत नाही, पण मला सगळे ओळखतात. मी गॅलरीत पेपर घेऊन बसलो की खालून हाक येते, "साहेब, देवगड गेली काय?" मी वेळ सांगतो. आठवड्याला एकदोघांची गाडी माझ्या जुन्या वेळापत्रकामुळे चुकते, तरी ते परत मलाच विचारतात. त्याच दोन खोल्यांत ती शहरात राहते आणि मी गावात. मुलीला हे अजून नीट समजावता आलेलं नाही.

वाडीतलं घर काकी उघडून झाडते. वॉचमन आता गणपतीच्या दिवसांत वाडीच्या तोंडाशी निळा सदरा घालून मुंबईच्या गाड्या लावून देतो. लोक त्याला विचारल्याशिवाय गाडी वळवत नाहीत.

गेल्या महिन्यात बायकोने फ्लॅटच्या किल्लीची दुसरी प्रत करून घेतली. आजवर तिला किल्ली अशी लागलीच नव्हती. ती तिने मंगळसूत्राच्या खाली, वेगळ्या दोऱ्यात घातली आहे. चार वाजले की चप्पल घालते आणि निघते. परवा मी विचारलं, "खंय जातंस गो रोज?"

"खंय नाय," म्हणाली, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.