गडी जेवल्यात न्हवं?

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि पहिला धक्का बसला. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. भांडण सोडवायला पुढं झालो, तर एक जण दुसऱ्याला चहाला चल म्हणत होता!

मी पुण्याचा, अनुवाद करतो. सध्या हाती एक इंग्रजी कादंबरी आहे. तिच्यातला म्हातारा शेतकरी अशी गावरान, अशुद्ध इंग्रजी बोलतो की शाळामास्तरांनी कानांवर हात ठेवावेत. त्याच्या तोंडी मी कोल्हापुरी बोली घातली. मरताना तो एवढंच विचारतो, "गडी जेवल्यात न्हवं?" पुण्यात हे वाचून दाखवलं तेव्हा श्रोते खो खो हसले. प्रकाशक म्हणाले, "शुद्ध मराठी करा, नाहीतर म्हाताऱ्याचा विदूषक होईल." मी हादरलो. जिथली बोली तिथंच वाचून बघावी, मग काय ते ठरवावं, म्हणून निघालो होतो.

मुरगूडची बस बिद्रीपाशी उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडली. मित्राचे मावसभाऊ, गुळाचे व्यापारी बाळगोंडाअण्णा, दारातच गरजले, "या पावणं! आधी जेवा, मग पुस्तक." भाकरी, मुगाची उसळ आणि खरडा (मिरचीचा ठेचा). पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी.

"दही घ्या की!" वैनी ओरडल्या. इथं माया करायचीसुद्धा ओरडूनच.

जेवणानंतर वाचलं. म्हाताऱ्यानं विचारलं, मान टाकली, प्रकरण संपलं. कुणीच हसलं नाही.

"मग? जेवल्यात का गडी?" वैनींनी विचारलं.

"ते पुस्तकात नाही."

"न्हाय म्हंजे? म्हातारा इचारून मेला, आणि एकानं बी व्हय म्हटलं न्हाय?"

"कसली माणसं म्हणायची ही!" अण्णा ताडकन उठले. आवाज चिरकला होता. त्या घरात जणू माझ्याच हातून कुणीतरी उपाशी राहिलं होतं.

परतताना बसमधूनच प्रकाशकांना कळवलं, ओळ बदलणार नाही.

"लोक हसतील हो."

"हसू देत."

वैनींनी बांधून दिलेली भाकरी वाटेत खाल्ली. पुण्यात घराचं कुलूप उघडतोय, तोच अण्णांचा फोन.

"पावणं, जेवलासा न्हवं?"

इतके दिवस ती ओळ मी नुसती लिहीत होतो.

"जेवलो," कसाबसा म्हणालो.

फोन न ठेवताच अण्णा घरात ओरडले, "अगं, जेवल्यात!"