गाडी भरून, मागून बघावी

मामांनी बैलजोडी विकली तेव्हा मी रडले नाही, आणि सासूबाईंना त्याचाच राग आला. मामा म्हणजे माझे सासरे. बाजारातून रिकामे दावे खांद्यावर टाकून आले आणि दारातूनच म्हणाले, "बैल माझे गेले, गाडी तुझी येईल. निवड तूच करायची. मी बोलणार न्हाई."

नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. मला चालवायला त्यानंच शिकवलेलं, लायसन निघालेलं, हळदीचा हंगाम तोंडावर आलेला. आता मालवाहू पिकअप चुकीची निघाली असती तर बैलही गेले असते आणि हंगामही. वर आमच्या बंजारा तांड्यावर रोज ऐकायचं, "बाईमाणसाला काय कळतंय गाडीतलं?" म्हटलं, थांबा लेकहो, दाखवतेच.

औंढ्याला गाड्यांचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवणारे एक चाचा आहेत. त्यांच्या दुकानात महिनाभर जाऊन बसले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बेटी, ये तेरा काम नहीं." दुसऱ्या दिवशी चहा पाजला. पुढच्या आठवड्यात गाडीखाली आडवं व्हायला पोतं दिलं. त्यांचं सांगणं सोपं होतं. गाडीच्या तोंडाकडं बघायचं नाही, समद्या पांढऱ्या नि एकसारख्याच. आधी कागद बघायचा : पासिंग किती, म्हणजे वजन किती भरायची परवानगी. मग मागच्या चाकाशी वाकायचं. वरचे वाकलेले पाटे रोजचं ओझं पेलतात. खालचा जाड, सपाट पाटा रिकाम्या गाडीत नुसता असतो, माल भरून वरचे दबले की टेकतो नि ओझं घेतो. पुढं स्प्रिंग असली तर कंबर सुखी. पुढंही पाटेच असले तर दगड न् दगड हाडाला कळतो, पण शेताच्या वाटेवर तीच गाडी टिकते.

आमच्यात जनावर घ्यायला कुणी एकटं जात नाही, अख्खी भावकी जाते. गाडीलाही तोच नियम लागला. दोन जीपा भरून आम्ही कनेरगाव नाक्याला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं उतरलो. एवढी फौज बघून तो आधी घाबरला, मग मला सोडून थोरल्या दिरांशी बोलायला लागला. त्यानं दाखवलेल्या गाडीचं बूड नुसतं आभाळात. "मोजा पाटे, नऊ आहेत! दोन टन डोळे झाकून भरा."

दीर खूश झाले. मी पोतं अंथरून खाली शिरले. सात पाटे गंजलेले, खालचे दोन कोरे करकरीत. बाहेर येऊन कागद मागितला. पासिंग बारा क्विंटल. "पाटे वाढवले म्हणून आसाची नि चेसिसची ताकद वाढते का हो?" मी विचारलं. "म्हाताऱ्या बैलाला झूल घातली, दुसरं काय!" व्यापारी पुढच्या गाडीकडं वळला.

दुसरी गाडी दिसायला गरीब. पाटे पाचच, पण जाड, नि त्याखाली तो सपाट एक. पुढंही पाटेच. पासिंग सतरा क्विंटल. मनात भरली. तरी मी म्हटलं, "भरून दाखवा."

"अहो ताई, गाडी रिकामीच बघतात!"

"आमच्यात न्हाई बघत." मामांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. बैल घेताना आधी गोणी लादायच्या, चालवायचा आणि मागून बघायचं. रिकामा बैल कुणीही ऐटीत चालतो, असं मामाच सांगायचे. गोणी कुठून आणू? मागं वळले आणि भावकीला म्हटलं, "चढा समदे!"

बावीस माणसं हसत-ढकलत हौद्यात चढली. तेरा क्विंटल तरी असतील. मी गाडीच्या मागं जाऊन उकिडवी बसले. मामा माझ्या पाठीशी उभे. गाडी दबली. डावी बाजू चांगली तीन बोटं खाली! डावा सपाट पाटा टेकलेला, उजवा अधांतरी. महिनाभर पोत्यावर लोळून हेच निवडलं? "उतरा" म्हणायला मान वर केली, आणि बघते तर काय, तेरा बाया पदर ओढून डाव्या फळीला चिकटलेल्या, आणि नऊ पुरुष उजवीकडं ऐसपैस! जेठ म्हणजे थोरले दीर; त्यांच्या नि सासऱ्यांच्या शेजारी सुना उभ्या राहत नाहीत ना आमच्यात.

"दोन बाया इकडं सरका, पुरुषांत!" मी ओरडले. कुणी हलेना. थोरले दीर म्हणाले, "काहून? रीतभात हाय का न्हाई?"

"दादा, आत्ता तुमी माणसं न्हाई, पोती हाव! पोत्याला कसला जेठ?"

हशा पिकला, पण सरकलं कुणीच नाही. माझा संताप संताप झाला, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मामा माझ्या मागून निघाले, हौद्याच्या मागच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढले आणि उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. शेजारी जागा केली. "या गं पोरींनो." एक जाऊ आली, मग दुसरी.

गाडी हळूच सरळ झाली. मी दोन्हीकडं बोटं लावून पाहिली, बराबर. दोन्ही सपाट पाटे एकदमच टेकले होते. "हीच," मी म्हटलं, आणि व्यापाऱ्यानं निमूट किल्ली माझ्याच हातात दिली.

निघताना नवरा आपणहून भावकीच्या जीपमध्ये जाऊन बसला. मामा घरात मी असले तर बाजेवरही बसत नाहीत, अंगणात जातात. म्हणून ते हौद्यात चढतील असं धरून मी फाळका उघडला. मामांनी तो लावला, पुढं आले, दार उघडून माझ्या शेजारी बसले. मी पदर डोक्यावर ओढायला गेले.

"पदर राहू दे," मामा म्हणाले. "रस्ता दिसाया पायजे. हाक."