ओठ हलतात, वर सनई वाजते

किस्से कुणी जपून ठेवत नाही. बसल्या जागी साठत जातात. आदिलाबादच्या बसस्टँडमागे माझा मित्र विलास याचा फोटो स्टुडिओ आहे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसतो. पूर्वी चहा झाला की उठायचो. माझी बायको नंदा गेल्यापासून शटर खाली येईपर्यंत बसतो. तिचे फोटो घरी पुष्कळ आहेत. आवाज मात्र कुठेच नाही.

*

विलासकडे लग्नाच्या शूटिंगच्या हार्ड डिस्कांचा ढीग होता. त्यातली एक बंद पडली तेव्हा तो हादरला आणि सगळं क्लाउडवर टाकून मोकळा झाला. त्यातही सगळ्यात स्वस्त प्रकार घेतला. ठेवायला जवळपास फुकट, पण परत मागितलं की अर्धा दिवस थांबायचं.

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तो हे समजावत होता. म्हातारा म्हणाला, "समजलं, समजलं. कणगीतली तळाची ज्वारी!"

आता विलास सगळ्यांना तेच सांगतो.

*

फायलींना त्याने नावं दिली ती लग्नात काय बिघडलं त्यावरून. नवरानवरीची नावं सारखीच असतात म्हणे, घोटाळे वेगळे! "लाइट गेली", "नवरदेव उशिरा", "मंडप उडाला".

वांकिडीचं एक जोडपं आलं.

"तुमच्या लग्नात बिघडलं काय होतं?"

"आमच्या लग्नात काईच बिघडलं नोतं!" नवरा तडकला.

बायको हळूच म्हणाली, "वरण करपलं होतं नं."

"सापडलं!" विलास म्हणाला.

*

एकदा दोन भाऊ भांडतच आत शिरले. धाकटा म्हणे, "माह्या हळदीले तू आलाच नोता!" मोठा म्हणे, "काढा व्हिडिओ!" विलासने रिक्वेस्ट टाकली आणि उद्या या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच गाडीवर आले.

"आला तुमचा व्हिडिओ. लावू?"

"राहू द्या नं भाऊ," धाकटा म्हणाला. "आता हा खरंच नोता निघाला त?"

*

मिक्सिंग नर्सय्या करतो. केस पिकलेले, घरी तेलुगू, दुकानात आमची मराठी. त्याची पद्धत ठरलेली: शूटिंगमधला आवाज सगळा पुसायचा आणि वर गाणी टाकायची.

एक बाप चिडून आला. "पोरगी रडून राह्यली, अन् वर नाचाचं गाणं काऊन?"

"रडायचं गाणं टाकलं का कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, अन्ना!"

मीही हसलो. पण घरी जाताना ते मनातून जाईना. किती लग्नांत नंदाने माइकवर त्रिशरण-पंचशील म्हटलं होतं. त्या सगळ्या व्हिडिओंत तिचे ओठ हलतात आणि वर सनई वाजते.

*

शेवटी विलासला विचारलंच.

"मिक्सिंगच्या आधीचं असन टाकलेलं एखादं," तो म्हणाला. "स्वस्त होतं नं सर, निवडत कोण बसते!"

इंद्रवेल्लीच्या एका लग्नाचं निघालं. रिक्वेस्ट टाकली. दुसऱ्या दिवशी मी रजा काढून सकाळपासून दुकानात बसलो. नर्सय्याने हातातलं काम बंद केलं. गाण्यांची मध्ये मध्ये गडबड नको, म्हणाला.

दुपारी फाइल आली. त्यात त्रिशरण-पंचशील नव्हतं. नेमकी तेव्हाच बॅटरी बदलली होती. विलासचा चेहरा पडला. माझ्या खुर्चीपुढे कॉम्प्युटरवर वाकून तो पुढे पुढे सरकवत गेला. मंडप, खुर्च्या, लोकांच्या पाठी. आणि एकदम कॅमेऱ्याच्या अगदी जवळून नंदाचा आवाज आला. चित्रात ती नव्हतीच.

"विलासभाऊ, जरा सरका नं! मागं आमचे सर बसले, त्यायले काईच दिसून नाही राह्यलं."

स्क्रीनवरचं चित्र जागचं हललं नाही.

विलास माझ्यापुढून बाजूला सरकला.