शब्द जागेवर ठेवणाऱ्या ताई

फोन आला तेव्हा मी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभी होते. चिखलीहून प्रमिलाताईंच्या शेजारीणबाई बोलत होत्या. ताई नेहमीसारख्या जेवून झोपल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत... मी गॅस बंद केला, एवढं आठवतं. पुढच्या खोलीत माझे यजमान दिनकरराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. प्रमिलाताई त्यांची मोठी बहीण, माझी नणंद. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि हात धरून सांगितलं. काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना बोलता येत नाही. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. मांडीवर एक जुना टॅब असतो, त्यावर चित्रांच्या ओळी आहेत. चित्रावर बोट ठेवलं की टॅब ते वाक्य बोलतो. त्या सकाळी त्यांचा डावा हात सवयीनं टॅबकडे गेला आणि वरच्या वर थांबला. त्या टॅबमधलं प्रत्येक वाक्य ताईंच्या आवाजात आहे. थोड्या वेळानं त्यांनी टॅबचं कव्हर मिटलं आणि तो माझ्याकडे दिला. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी तो मागितला नाही, म्हणजे ते बोललेच नाहीत.

ताई चिखलीच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. आम्ही धामणगाव बढ्यात, त्या चिखलीत. बुलडाण्याला गाडी बदलून त्या आमच्याकडे यायच्या. इतरांच्या नणंदा येताना पिशवीतून लाडू-चिवडा आणतात, आमच्या ताईंच्या पिशवीतून वायरी आणि लॅपटॉप निघायचा. याची सुरुवात झाली त्यांच्या निवृत्तीनंतर. त्यांचा फोन अडखळायला लागला होता आणि दुकानदार म्हणाला, जुना झाला, आता टाकून द्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईसमोर हे बोलायचं नसतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! ताईंनी हट्टानं इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि शोधून काढलं की कंपनीनं फोनमध्ये घातलेली यंत्रणा पुसून तिच्या जागी हौशी जाणकारांनी बनवलेली हलकी यंत्रणा बसवता येते. तिला रॉम म्हणतात, हे मी ताईंकडूनच शिकले. त्यांचा फोन पुन्हा धावायला लागला आणि ताईंना नादच लागला. ओळखीपाळखीतले जुने फोन त्यांच्या टेबलावर येऊन पडायचे आणि बरे होऊन घरी जायचे.

दिनकरराव लहानपणापासूनच अबोल. शाळेत क्लार्क म्हणून सगळी नोकरी केली, तीही बहुधा मान हलवूनच. वडिलांकडे काही मागायचं असलं की ताई पुढे व्हायच्या, हा त्यांच्या घरातला जुना शिरस्ता. झटक्यानंतर हे चित्रांचं अ‍ॅप ताईंनीच शोधलं. कुणीतरी आपल्या घरच्या माणसासाठी बनवलेलं असावं. त्यात आपलेच फोटो आणि आपलाच आवाज घालता यायचा. आवाज कुणाचा, यावर घरात बराच खल झाला. माझा भरून पाहिला, तर दिनकररावांनी अशी काही मान हलवली की मी काय ते समजले. मी साधं 'पाणी द्या' म्हटलं तरी ते दटावल्यासारखं येतं म्हणे. शेवटी ताई म्हणाल्या, "लहानपणी याच्या वाटचं मीच बोलत होती. आता काऊन नाई?" आणि अशा रीतीनं माझा नवरा माझ्याच घरात मला नणंदेच्या आवाजात चहा मागायला लागला. आधी ताईंनी 'चहा कर' असं भरलं होतं. मी म्हटलं, ताई, हे मी ऐकून घेणार नाही, तुमच्या आवाजात तर मुळीच नाही. त्या पोट धरून हसल्या आणि तिथल्या तिथं ते बदलून 'चहा भेटंन का?' असं केलं. बाकी सगळं तसंच राहिलं. पहिल्या ओळीत पाणी, चहा, जेवण. खाली मी, आमची रेणू, आणि कोपऱ्यात चष्मा लावलेल्या ताईंचा फोटो. त्यावर बोट ठेवलं की आवाज यायचा, 'ताईले बोलाव.'

मग टॅब म्हातारा झाला. दिनकरराव चित्रावर बोट ठेवायचे आणि टॅब विचार करत बसायचा. कधी अर्ध्या वाक्यात बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. एकदा पाहुण्यांसमोर असं झालं आणि ते रागानं लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. रेणू नागपूरहून चांगला महागाचा नवा टॅब घेऊन आली. पण नव्या टॅबनं ते अ‍ॅप घेतलंच नाही; इतकं जुनं अ‍ॅप मी चालवत नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. अ‍ॅप बनवणाऱ्याचा पत्ता लागेना. दुसरी अ‍ॅप होती, पण त्यांत चित्रांची मांडणी वेगळी. मी म्हटलं, शिकतील हळूहळू. ताईंना ते पटलं नाही. "तुह्या ओट्यावरचा डबा कोनं इकडचा तिकडं केला तर तू दिवसभर कुरकुर करते," त्या म्हणाल्या. "त्याचे तर शब्द हायेत, शोभा." दिनकरराव खरोखरच टॅबकडे न बघता बोलायचे. डाव्या हाताच्या बोटांना प्रत्येक चित्राची जागा पाठ झाली होती.

तेव्हा ठरलं की जुन्याच टॅबमध्ये नवी यंत्रणा बसवायची. मला वाटलं, एका बैठकीचं काम आहे, संध्याकाळपर्यंत होईल. ताईंनी त्यात दिवाळी ते होळी घालवली. त्या मॉडेलसाठी तीन रॉम मिळत होते. एक अगदी नवा, दिसायला देखणा. दुसरा मधला. तिसरा जुन्या वळणाचा, नटवेपणा काही नाही, पण करणारा माणूस मागं लागून लागून त्यातल्या चुका काढत होता. निवड कशी करायची, याची ताईंची एक पद्धत होती आणि ती आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ बघायचं झालं की चौकशीला ताईंना पाठवायचे. मुलाच्या घरी चहाला जाण्याआधी ताई त्याच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर बायकांचं बोलणं ऐकत बसायच्या. रॉमच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. वर बनवणाऱ्यानं काय काय गुण लिहिलेत ते त्या वाचतच नसत. जिथं लोक आपापले अनुभव लिहितात तिथलं शेवटचं पान उघडायचं आणि तिथून मागं मागं यायचं. पहिल्या पानावर सगळे धन्यवाद देतात, कुरबुरी शेवटच्या पानांवर असतात, असं त्या म्हणायच्या. एका माणसानं तिथं लिहिलं होतं की देखण्या रॉममध्ये टॅब बराच वेळ पडून राहिला की आवाजाचा पहिला क्षण गिळला जातो. गाणी ऐकणाऱ्याला त्याचं काय! दिनकररावांच्या वाक्याचा मात्र पहिला शब्दच गेला असता; ताईंनी तिथंच त्या स्थळाला नकार कळवला. मधल्याबद्दल त्यांनी बनवणाऱ्याला शाळेत अर्ज लिहावा तशा इंग्रजीत पत्र लिहिलं, आदरणीय महोदय वगैरे. त्यानं प्रामाणिकपणे कळवलं की आपण तो टॅब विकून टाकला, आता लक्ष देणं होणार नाही. उरला तिसरा. त्याचा कॅमेरा धड चालत नव्हता. ताई म्हणाल्या, दिनूला फोटो कुठं काढायचेत!

तरीही त्यांनी आमच्या टॅबला हात लावला नाही. शेगावच्या एका लॉजच्या काउंटरवर अगदी तसाच टॅब काच तडकून पडलेला होता, तो मिळवला आणि आधी त्यावर तिसरा रॉम चढवून पाहिला. पहिल्या खेपेला तो नुसता कंपनीचं चिन्ह दाखवत बसला आणि ताई कपाळाला हात लावून बसल्या, पण दोनचार दिवसांत त्यांनी त्याला उठवला. मग आमच्या टॅबमधली, मागच्या खेपेला लॅपटॉपवर उतरवून नेलेली सगळी चित्रं आणि आवाज त्यात घातले आणि तो पिशवीत टाकून इथं आल्या. आल्या त्या दारातूनच गप्प. मी पाणी दिलं, त्या बोलेनात. पिशवीतून तडकलेला टॅब काढला, बोट ठेवलं आणि त्यांच्याच आवाजात तो म्हणाला, 'चहा भेटंन का?' दिवसभर त्या एक शब्द तोंडानं बोलल्या नाहीत. जेवण, पाणी, पंखा बंद करा, सगळं टॅबवरून. मला आधी हसू येत होतं, नंतर राग यायला लागला, कारण त्यांचं वाक्य येईपर्यंत माझी दोन उत्तरं देऊन झालेली असायची. त्यांनी भाताच्या चित्रावर बोट ठेवायच्या आत मी पोळी वाढलेली असायची. समोरच्या खुर्चीतून दिनकरराव हे सगळं बघत होते आणि कितीतरी दिवसांनी खुदुखुदु हसत होते.

संध्याकाळी दिवा लावल्यावर ताईंनी तोंड उघडलं. रॉम पास झाला, एकदाही अडकला नाही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण एक वाक्य कमी हाये याच्यात. माह्या तोंडातलं तू कितीदा बोलून टाकलं आज, तुलेच मालूम नाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, भूगोलाच्या बाईंनी नकाशात राहिलेलं गाव दाखवावं तसं त्या बोलल्या. लगेच बसून त्यांनी एक नवं चित्र घातलं, उभ्या धरलेल्या तळहाताचं. कुठं ठेवायचं ते दिनकररावांना विचारलं. त्यांनी स्वतः बोट ठेवून जागा दाखवली, ताईंच्या फोटोच्या शेजारची. आणि ताईंनी, जरा घसा साफ करून, त्यात भरलं: 'थांबा. माह्यं बोलणं संपलं नाई.'

खरा टॅब द्यायची वेळ आली तेव्हा दिनकररावांनी तो छातीशी धरून ठेवला. मला त्यांची भीती समजत होती. रॉम बसवण्याआधी कंपनीनं टॅबला घातलेलं कुलूप उघडावं लागतं आणि ते उघडताना त्यातलं सगळं पुसलं जातं, हे ताईंनी त्यांना लपवून ठेवलं नव्हतं. आणि एवढं करून तो बिघडला तर काय... ताईंनी ओढाओढी केली नाही. तडकलेला टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "सारं इथंच हाये, दिनू. तू डोये मिटून पाह्य." त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. पाणी पाण्याच्या जागी होतं, मी माझ्या जागी, रेणू तिच्या. तळहाताच्या चित्रावर त्यांचं बोट थोडं थांबलं. मग त्यांनी आपला टॅब हळूच पुढं केला. ताई तो चिखलीला घेऊन गेल्या आणि परत आणला तेव्हा तो असा चालत होता की बोट ठेवायचा अवकाश, वाक्य हजर. तेव्हापासून तो एकदाही अर्ध्यात बंद पडला नाही. नवी सुधारणा आली आहे, अशी सूचना अधूनमधून पडद्यावर यायची. ताईंनी बजावून ठेवलं होतं की तिला हात लावायचा नाही; आधी त्या आपल्या तडकलेल्या टॅबवर लावून बघणार, वापरणार, आणि मग इथं. घरात तो नियम झाला होता.

तळहाताचं वाक्य दिनकररावांनी खूप वापरलं, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. डॉक्टरांसमोर वापरलं, पाहुण्यांसमोर वापरलं, आणि सर्वांत जास्त माझ्यासमोर. एकदा डॉक्टर माझ्याशीच बोलत होते, यांच्या गोळ्या बदलू या म्हणून. टॅब खणखणीत म्हणाला, थांबा. डॉक्टर खुर्ची वळवून यांच्याकडे बघायला लागले आणि तेव्हापासून त्यांच्याशीच बोलतात. ताईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ताई रडतात हे मला त्या दिवशी कळलं.

ताईंचं तेरावं झालं, माणसं पांगली, तरी टॅब कपाटावरच होता. दिनकरराव मान हलवून हो-नाही सांगायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचे. रेणू रजा वाढवून थांबली होती. ती हळूच म्हणाली, आई, आत्याचा आवाज बाबांना सहन होत नसेल, मी सगळी वाक्यं माझ्या आवाजात भरते. मलाही ते पटलं. त्यांच्या बोलण्यासाठी काहीही चाललं असतं मला, अगदी माझा दटावणारा आवाजसुद्धा. चिखलीहून ताईंची पिशवी आणली होती, त्यात तो तडकलेला टॅब निघाला. चार्जिंगला लावला तर जशाच्या तसा सुरू झाला. पडद्यावर कोपऱ्यात दिसत होतं की शेवटची सुधारणा ताईंनी त्यावर लावून ठेवली होती. त्यांची तपासणी चालू होती, आमची पाळी यायची राहिली होती.

परवा दुपारी मी दिनकररावांचा टॅब पुसून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसले. सांगितलं, की रेणू आवाज बदलून देईल, जागा मात्र एकही हलणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या ताईंच्या फोटोकडे माझं लक्ष गेलं. म्हटलं, हे एक चित्र मात्र काढून टाकू या का, उगाच बोट लागेल आणि... मी ते काढायला हात पुढे केला. दिनकररावांनी माझा हात बाजूला केला आणि शेजारच्या तळहातावर बोट ठेवलं. इतक्या दिवसांनी त्या खोलीत ताईंचा आवाज आला, पहिल्या शब्दापासून स्वच्छ, काही न गिळता.

'थांबा. माह्यं बोलणं संपलं नाई.'

मी थांबले. त्यांनी बोट उचललं, एका घरानं बाजूला नेलं आणि ताईंच्या फोटोवर ठेवलं. 'ताईले बोलाव,' ताई म्हणाल्या. मी हात मागं घेतला. थोड्या वेळानं दिनकररावांनी त्याच आवाजात चहा मागितला, आणि मी उठून चहा ठेवला.