पेंब्रीच्या बेटासमोर

महामारीच्या पहिल्या वर्षी माझं पोस्टिंग डार्विनला होतं, ऑस्ट्रेलियन नौदलाच्या एका गस्तीनौकेवर. रँक पेटी ऑफिसर, म्हणजे पीओ. पुण्याहून शिकायला आलो, मेलबर्नबाहेरच्या टार्निटला राहिलो, ट्रेनने शहरात जाऊन तीन वर्षं कॉम्प्युटरपुढे बसलो आणि एके दिवशी भरतीच्या ऑफिसात शिरलो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. ती भिंगरी आता एका खोलीत कोंडली गेली होती. समुद्रावर निघण्याआधी सगळ्या क्रूला चौदा दिवस क्वारंटाइन. जेवणाचा ट्रे दाराबाहेर यायचा, आणि मी खिडकी ते दार येरझाऱ्या घालायचो.

त्याच खोलीत कळलं, आमच्या बोटीवरचे माझे वरिष्ठ, चीफ, गेले. आदल्या वर्षीच ते निवृत्त होऊन मेलबर्नला गेले होते. कोविड झाला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. दोराच्या गाठीपासून साहेबासमोर गप्प बसण्यापर्यंत सगळं मला चीफनी शिकवलं. निवृत्त होताना म्हणाले होते, "मी गेलो की माझी टोपी पेंब्रीपाशी ठेव, मेट." मी हो म्हटलं होतं. त्यांच्या मुलीने टोपी पोस्टाने पाठवली. ती टेबलावर होती आणि मला झोप नव्हती.

कमांडर पेंब्री हा एकोणिसाव्या शतकातला नौदल अधिकारी. त्याची कबर उत्तर किनाऱ्यावरच्या एका बेटावर आहे, चिंचेच्या झाडाखाली. आमच्या बोटीचा रिवाज असा की गस्तीत ते बेट आलं की चारजण उतरायचे, गवत काढायचे, दगडावरची अक्षरं रंगवायचे, आणि एकाने पेंब्रीचं आयुष्य तोंडपाठ म्हणायचं. ते म्हणायचं काम चीफचं. मी मागे उभा राहून जेवणाचा विचार करायचो.

पण या वर्षी हुकूम होता, बेटावर कुणी उतरायचं नाही. तिथे एकही केस नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. ती डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स.

"टोपी घेतलीस?"

"घेतली. उतरणार आहे मी. टेस्ट निगेटिव्ह आहे माझी."

"अरे, निगेटिव्ह आज आहे. उद्याचं कोण सांगणार? तिकडे साधा आयसीयू तरी आहे का?"

"शब्द दिलाय मी, मुग्धा."

"आणि मी आत्ता शिफ्ट करून आलेय, पीपीईमध्ये उकडून. मला नको सांगूस शब्द." तिने फोन ठेवला. ती बरोबर होती, म्हणून मला जास्तच राग आला.

बेटापाशी दुपारी पोहोचलो. क्लिनिकसाठी औषधांचे खोके होते. कॅप्टन मॅडमनी मला रबरी बोट दिली. "खोके जेट्टीवर ठेव. पाय बोटीतच राहतील, पीओ."

"येस, मॅडम."

टोपी माझ्या लाइफ जॅकेटच्या आत होती. खोके ठेवले. झाड समोर दिसत होतं, दगडही दिसत होता. मी जेट्टीचा खांब धरून ठेवला, सोडवेना. किनाऱ्यावर डोरीन उभी होती. ती तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, बेटाची रेंजर, हातात दाताळं. मी रेडिओ उचलला.

"डोरीन, पाच मिनिटं उतरू दे. आम्ही सगळे निगेटिव्ह आहोत. ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"चीफ गेले. त्यांची टोपी आणलीय. ओव्हर."

मग ती म्हणाली, "वाईट झालं. त्या म्हाताऱ्यालाही मी नाहीच म्हटलं असतं. त्याचं ते पेंब्रीचं बोलणं येतं तुला? तिथूनच बोल. ओव्हर."

मला वाटत होतं, येत नसेल. आलं.

"कमांडर पेंब्री. तेराव्या वर्षी जहाजावर आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम नेणारी जहाजं पकडली. लेफ्टनंट झाला. दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर त्याने पाणी भरायला माणसं उतरवली. त्यांतल्या एकाला गोवर होता. पुढच्या वर्षी तो परत गेला, तेव्हा तिथलं गाव रिकामं होतं. त्यानंतर त्याने या किनाऱ्याचे नकाशे केले. बढती उशिरा मिळाली. शेवटच्या सफरीत जहाजावर पुन्हा गोवर निघाला. पाणी संपत आलं होतं आणि समोर हे बेट होतं. त्याने साथीचं पिवळं निशाण चढवलं, नांगर टाकला आणि कुणालाही..."

तिथे मी थांबलो. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, आणि अर्थ त्या खांबाला लटकून कळत होता.

"...कुणालाही उतरू दिलं नाही. बेटावरच्या लोकांनी होडीतून पाण्याची पिंपं आणून लांब तरंगत्या बोयाला बांधली. साथ ओसरली, पण थकव्याने तो इथेच वारला. या लोकांनी त्याला झाडाखाली जागा दिली. ओव्हर."

मी खांब सोडला.

"टोपी खोक्यावर ठेव," डोरीन म्हणाली. "तीन दिवस उन्हात राहू दे. तिलाही क्वारंटाइन. मग मी ठेवते झाडापाशी. आता तुझ्या म्हाताऱ्याचं बोल. फक्त नाव घेऊ नकोस. आमच्यात नुकत्याच गेलेल्याचं घेत नाहीत. ओव्हर."

मी टोपी खोक्यावर ठेवली. चीफचं आयुष्य कुणी वाक्यांत बसवलेलं नव्हतं. मी अडखळत बोललो. सतराव्या वर्षी जहाजावर आला. वादळात दोघांना समुद्रातून ओढून काढलं. मला गाठी शिकवल्या, शिव्याही शिकवल्या. रेडिओतून कुणीतरी हसलं. वर पाहिलं तर किनारा माणसांनी भरला होता. बायका, म्हातारे, पोरं, सगळे झाडापासून पाण्यापर्यंत शांत उभे. मी मोजले नाहीत, पण दहाहून पुष्कळ जास्त होते. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

मी नौदल सोडून आता काही वर्षं झाली. डोरीनला मध्यंतरी फोन करून विचारलं, आता नाव घेतलं तर चालेल का. चालेल म्हणाली.

चीफ पेटी ऑफिसर बॅरी डॉसन.