मळवलीच्या बाकावरची म्हातारी

इतिहासाची शिक्षिका व्हायचं म्हणून मी एका छोट्या विद्यापीठात बी.एड. करत होते. सकाळी मळवली स्टेशनच्या बाकावर बसून गाडी येईपर्यंत सरावपाठ मोठ्यानं म्हणायचे. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोज एक म्हातारी असायची, बंगल्यांवर झाडलोट करणारी. मी लढाईत पडलेल्या शिपायांची नावं घेऊ लागले की प्रत्येक नावासरशी ती पदर आवरून थोडी सरकायची.

एकदा ती अगदी कडेला टेकली, तेव्हा मी म्हणाले, "मावशी, पडाल. एवढी जागा आहे की!"

"कुटं हाय?" ती म्हणाली. "नावं घिऊन बोलावतीस, मग बसाया जागा नको व्हय त्यास्नी?"

मला हसू आलं, पण पुढचं नाव मी घेतलं नाही. पाठ सुरू कसा करायचा ते आम्हाला शिकवलं होतं. बोलावलेल्यांना परत कसं पाठवायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि बाकाकडं न बघता पुटपुटले, "झालं. आता जा."

म्हातारी रुळांपलीकडच्या भातखाचरांकडं बघत राहिली, पाहुण्यांना निरोप द्यावा तशी. मग म्हणाली, "गेले. येक थांबलाय."

गाडी आली. डबा रिकामा होता, तरी मी लोणावळ्यापर्यंत उभीच राहिले.