वाळत घातलेली गिटार
लाकूड चिकटवायचा सरस तापवला, की त्या उग्र वासानं मला आमचं झरी गावातलं अंगण आठवतं. परभणीच्या ऑर्केस्ट्रात पाहून मी त्याच अंगणात हौसेनं पहिली गिटार केली होती. तारा ताणल्या आणि तिची मान धनुष्यासारखी वाकली. वैतागून बायकोला म्हणालो, "घाल चुलीत. हे खूळ आता बंद." तिनं लाकडावरून हात फिरवला. "वलं हाय, लय धूर व्हईल. वाळू द्या." तिनं ती घरावरच्या माळवदावर उन्हात ठेवली. रोज विचारलं, तरी रोज तेच उत्तर. तोवर मी दुसरी करायला घेतली होती. खरं तर ते लाकूड तिच्याच माहेरच्या जुन्या दाराचं, तिच्या जन्माआधीपासून वाळलेलं. आज नवी गिटार चिकटवताना पुन्हा विचारलं. भिंतीवरच्या त्या पहिलीकडं न बघताच ती म्हणाली, "वलीच हाय अजून."